एक नमो मरिया

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच... मुलीचं बाळंतपण, ह्यांची निवृत्ती, रेल्वेचं क्वार्टर सोडून भाड्याच्या घरात सामान हलवणं. पण खरं सांगायचं तर एक गोष्ट लिहायची राहिली होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. इथे डोकावणाऱ्यांत निम्मी आमच्या घरातलीच माणसं आहेत. ती वाचतील, एकमेकांना फोन करतील, "बघ, काय काय लिहिलंय ताईने" म्हणतील. म्हणू देत.

विषय तसा साधा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाऊन आले. वीस-पंचवीस वर्षांनी. आणि तिथून आल्यापासून माझी रोजची प्रार्थना बदलली. चमत्कार वगैरे काही झाला नाही, तेव्हा तशी गोष्ट ऐकायला आलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. हरेगाव हे श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच आहे. तिथे संत तेरेजाचं चर्च आहे आणि तिथे पाऊणशे वर्षांपासून मतमाउलीची यात्रा भरते. मरियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी. त्याआधी नोव्हेना होतात. नगर, संभाजीनगर, जालना, नाशिक, पुणे, कुठून कुठून मराठी ख्रिस्ती माणसं येतात. टेम्पोने येतात, एसटीने येतात, पायी येतात. ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. नवस बोललेले असतात, फेडायचे असतात.

वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी लोक 'मोत माउली' म्हणतात. त्या 'माउंट'चंच 'मोत' झालं आणि आमच्याकडे 'मत' झालं, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. गंमत म्हणजे हरेगावात डोंगर नाही, टेकाडसुद्धा नाही. जिकडे बघाल तिकडे सपाट काळी जमीन आणि ऊस. डोंगर मुंबईलाच राहिला आणि माउली तेवढी आमच्याकडे आली. 'माउली' शब्दाला तर आमच्या भागात काय तोटा? नेवासं तिथून जवळच. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते. त्या मातीत वाढलेल्या माणसाला देवाच्या आईला दुसरं काय म्हणावंसं वाटणार?

माझं माहेर तिकडचं. वडील हरेगावच्या साखर कारखान्यात होते. कारखाना बंद पडून आता कितीतरी वर्षं झाली. लग्न होऊन मी रेल्वेबरोबर फिरत फिरत गोंदियाला आले आणि इथलीच झाले. गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आम्ही त्याच्या जरा आधी आलो. म्हणजे जिल्ह्यापेक्षा आम्ही जुने, असं हे सगळ्यांना सांगत असतात.

इथे आमचं चर्च नागपूर धर्मप्रांतात येतं. माणसं थोडी आणि सगळीकडची... केरळची, तामिळनाडूची, छत्तीसगड-झारखंडकडची. त्यामुळे मिस्सा बहुतेक हिंदीत. तक्रार नाही. 'प्रणाम मरिया' मला आता झोपेतही म्हणता येतं. पण 'नमो मरिया' फक्त घरात उरलं, रात्री, जपमाळेच्या वेळी. तेही हळूहळू माझ्या एकटीचंच. मुलगी पुण्याला गेली, ह्यांची ड्यूटी रात्रीची.

आता त्या जपमाळेबद्दल.

आमच्या आईची एक पद्धत होती. माळ संपली की ती नावं घ्यायची. आधी घरातली मोठी माणसं, मग आम्ही मुलं वयाप्रमाणे, मग नात्यातले, मग गेलेले, आणि शेवटी 'ज्यांचं नाव घ्यायला कोणी नाही ते'. रोज. कंटाळा न करता. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही हजेरीच घेते आहे. माझ्यानंतर लगेच माझ्या धाकट्या भावाचं नाव यायचं. दोन्ही नावं इतकी जोडून यायची की बाहेरच्या माणसाला ते एकच लांब नाव वाटावं.

लग्नानंतर मीही तेच करत आले. तीच यादी, त्यात सासरची नावं मिळवून.

२०१९ पासून मी त्यातलं एक नाव गाळत होते.

काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण नात्यातल्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना त्यात रस नसणार. आई २०१८ साली गेली. वर्षभराने भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. मोबाइलवर, फोटो काढून. वर एक ओळ नाही, खाली एक ओळ नाही. दोन खोल्या आणि वीस गुंठे. मला त्यातलं काही नको होतं, अगदी खरंच नको होतं. आईपाशी मी तसं बोललेही होते. पण त्याने विचारायला हवं होतं, एवढंच. मी गाडीने गेले, सही केली, अंगठा दिला, आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत आले. त्या दिवसभरात तो माझ्याशी बोलला ते एकच वाक्य: "आधार कार्ड आणलंस ना?"

बस. त्यानंतर बोलणं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला कधीतरी शेवट असतो. हे नुसतंच थांबलेलं होतं.

त्या रात्री माळ संपली, नावं घ्यायला लागले आणि माझ्या नावानंतर थांबले. मग पुढच्या नावावर गेले. दुसऱ्या दिवशी थांबावंही लागलं नाही. जिभेला सवय लागते.

सहा वर्षं मी रोज माळ म्हणत होते. रविवार चुकवत नव्हते. उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट करत होते. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझं प्रार्थनेचं सगळं व्यवस्थित आहे. पण माळ हातात घेतली की मनात किराणा, गॅसचा नंबर, मुलीचा फोन. पन्नास नमो मरिया बारा-तेरा मिनिटांत. कधीकधी मधल्या दशकातच डोळा लागायचा. लिझ्यूच्या छोट्या तेरेजालाही प्रार्थनेच्या वेळी झोप यायची आणि जपमाळ म्हणणं तिला फार जड जायचं, असं तिनेच लिहून ठेवलंय. ते वाचल्यावर मला मोठा आधार वाटला होता. पण तिची झोप आणि माझी झोप सारखी नव्हती, हे मला आतून ठाऊक होतं. तिने कुणाचं नाव गाळलेलं नव्हतं.

यात्रेचं मनात आणून दिलं ते आमच्या शेजारणीने. त्या गोंड समाजाच्या आहेत. दर माघ पौर्णिमेला कचारगडला जातात. आमच्या जिल्ह्यातच, सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाच्या बाजूला. डोंगरात मोठी गुहा आहे. कोंडलेल्या लेकरांना लिंगोने तिथून सोडवलं, अशी त्यांच्यातली कथा. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, सगळीकडून माणसं येतात. त्या दिवसांत गोंदिया स्टेशनावर पिवळे झेंडे आणि पिवळी उपरणी दिसायला लागली की समजायचं. त्या वर्षी त्या परत आल्या, पायाला फोड आलेले, चेहरा मात्र असा की जणू माहेरपणाला जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुमच्यात नाही का जी अशी यात्रा? तुम्ही कुठी जात नाही कधी?"

मी म्हटलं, "आहे ना. पण लांब आहे."

"गाडी नाही जात?"

आता काय सांगणार? गाडी जाते. गोंदियाहूनच सुटते! महाराष्ट्र एक्स्प्रेस, गोंदिया ते कोल्हापूर. सकाळी इथून निघते, नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ करत मनमाडला वळते आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे बेलापूरला थांबते. श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे. कुठे बदलायची गरज नाही. जवळपास आठशे किलोमीटर, पण एकच गाडी. रोज ती माझ्या घराशेजारून शिटी वाजवत जाते. ह्यांनी कितीदा तिला हिरवा कंदील दाखवला असेल.

शिवाय ते चर्चचं पवित्र वर्ष होतं. १३०० साली पोप बोनिफेस आठवे यांनी सुरू केलेली ही प्रथा. या वेळचं वर्ष २४ डिसेंबर २०२४ ते ६ जानेवारी २०२६ असं होतं आणि पोप फ्रान्सिस यांनी त्याला विषय दिला होता 'आशेचे यात्रेकरू'. ते स्वतः एप्रिलमध्ये गेले, पण वर्ष चालू राहिलं. आमच्या चर्चच्या दारावरही तो फलक लावलेला होता. दर रविवारी मी त्याच्या खालून आत जायचे आणि मनात म्हणायचे, हे रोमला जाणाऱ्यांसाठी असणार.

तर सप्टेंबरात निघाले. एकटीच. ह्यांचे गुडघे यात्रेच्या कामाचे राहिले नाहीत. माहेरी कळवलं नाही. श्रीरामपूरला शाळेतली मैत्रीण आहे, तिच्याकडे उतरायचं ठरवलं.

गाडीतला दिवस मोठा होता. बरोबर पुस्तक घेतलं होतं, उघडलं नाही. इकडे धानाची बांधी तुडुंब भरलेली, हिरवीगार. वैनगंगा गढूळ आणि रुंद. नागपूर सोडलं की धान संपतो, कापूस आणि सोयाबीन सुरू होतं. माळ पर्समध्ये होती. विदर्भ संपेपर्यंत तिला हात लावला नाही. नुसती बसून राहिले. घरी असं बसता येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात. संध्याकाळी कधीतरी माझ्या लक्षात आलं की आपण बऱ्याच वेळापासून काही मागत नाही आहोत. काही बोलतही नाही आहोत. पण एकटंही वाटत नाही. प्रार्थनेचे तीन प्रकार आम्हाला धर्मशिक्षणात शिकवले होते: तोंडाने म्हणायची ती, मनन, आणि तिसरी नुसतं त्याच्यापुढे असण्याची. तिसरी ही मठातल्या सिस्टरांची, आपली नाही, असं मी धरून चालले होते. भुसावळच्या अलीकडे स्लीपरच्या डब्यात, समोर एक माणूस शेंगदाणे सोलत असताना ती मला पहिल्यांदा भेटली बहुतेक. 'बहुतेक' म्हणते, कारण लक्षात आलं आणि ती गेली.

शनिवारी दुपारी मैत्रिणीच्या वाडीतल्या बायकांबरोबर श्रीरामपूरहून चालत निघालो. आठ-दहा किलोमीटर. यात तसं कौतुकाचं काही नाही, लोक कुठून कुठून चालत येतात. पण मी रोज स्कूटीवर फिरणारी बाई. तासाभराने पिंडऱ्या बोलायला लागल्या. त्यात पाऊस. काळ्या मातीचा चिखल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चपलेला किलोभर माती, पाय उचलावा तर चप्पल मागे. बायका माळ म्हणत होत्या. एकीने अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली. दम लागला की मी माझा अर्धा भाग गाळायचे आणि दुसऱ्या पूर्ण करायच्या. घरी एकटीने म्हणताना असं होत नाही. एकटीची माळ थांबली की थांबली. इथे मी थांबले तरी ती पुढे जात होती आणि मला मागून येऊन तीत मिसळता येत होतं.

आणि सगळं मराठीत! शेकडो तोंडांनी. गोंदियात इतकी वर्षं जी भाषा माझ्या एकटीच्या खोलीत कुजबुजत होती ती रस्त्यावर मोठ्याने चाललेली. मला भरून आलं, ते देवासाठी की भाषेसाठी, कोण जाणे.

हरेगावात पोहोचेपर्यंत माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. हे सांगायचं कारण पुढे येईल.

यात्रा होती तशीच आहे. मेणबत्त्यांची, हारांची दुकानं, खेळणी, पाळणे, भजी, उसाचा रस. माणसांची रांग मतमाउलीच्या दर्शनाला. कोणी गुडघ्यांवर, कोणी तान्ह्या बाळाला डोक्यावर धरून. मैदानात पापनिवेदनासाठी फादर ठिकठिकाणी खुर्च्या टाकून बसलेले, प्रत्येकापुढे रांग. मी एका रांगेत उभी राहिले. पाऊण तास. घरच्या चर्चमध्ये पाऊण तास थांबावं लागलं असतं तर मी "पुढच्या रविवारी बघू" म्हणून निघाले असते. इथे निघून जाणार कुठे? रांगेत उभं राहिलं की माणूस आपली पापं एकदा लावून घेतो, सोपी आधी, अवघड शेवटी. पाऊण तासात माझी सोपी सगळी संपली.

फादर तरुण होते, माझ्या मुलीच्या वयाचे. मी सांगितलं, की मी सहा वर्षं माझ्या भावाचं नाव प्रार्थनेत घेतलेलं नाही. मला वाटलं ते विचारतील का, कसं, चूक कोणाची. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून एकच नमो मरिया म्हणा. त्यांच्यासाठी. नाव घेऊन. घाई करू नका."

एकच! मला हसूच आलं. आजवर मला दशकंच्या दशकं मिळालेली आहेत आणि मी ती चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत संपवलेली आहेत.

मूर्तीसमोर गेले, सुरू केलं. नावाशी आले आणि शब्द फुटेना. परत सुरू केलं. परत तिथेच. मेणबत्ती लावून बघितली. बाहेर येऊन पाणी प्यायले. मला खरंच आश्चर्य वाटलं. पन्नास-पन्नास नमो मरिया रोज म्हणणाऱ्या बाईला एक म्हणता येत नव्हती. 'आधार कार्ड आणलंस ना' एवढंच कानात येत होतं. दोन तास असे गेले.

अंधार पडला तशी मैदानात सगळ्यांची माळ सुरू झाली. मैत्रिणीबरोबर एका ताडपत्रीवर बसले. मधूनमधून लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावं येत होती. हे हरेगावला नेहमीचंच. "निळा शर्ट, वय अंदाजे चार, आईचं नाव विचारलं तर 'आई' एवढंच सांगतो, कृपया ऑफिसजवळ यावे."

आणि मला ते वर्ष आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, भाऊ पाचचा. मी त्याचा हात धरायचा, असं आईने मला बजावलेलं. चिखलात माझी चप्पल तुटली (माझी दरवर्षी तुटायची, घरात तो विनोदच झाला होता). ती हातात घ्यायला मी वाकले, हात सोडला, आणि वर बघते तर हा नाही. पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. बाबा एकीकडे धावले, आई दुसरीकडे, आणि मी तुटकी चप्पल हातात घेऊन जागेवर उभी. आई चालता चालता नमो मरिया म्हणत होती, पण अर्धीच. पुढचं तिच्या लक्षात येत नव्हतं. मग ती नुसतं त्याचं नाव घ्यायला लागली. माळ हातात, मणी पुढे सरकतोय, आणि प्रत्येक मण्याला प्रार्थनेऐवजी त्याचं नाव. मेणबत्त्यांच्या एका दुकानात तो सापडला. दुकानदारीण बाईने त्याला मांडीवर घेऊन शेव दिली होती. मला बघितल्यावर तो म्हणाला, "ताई, तू कुठं हरवलीस?"

शनिवार होता. शनिवारी आनंदाची रहस्यं म्हणतात. ज्यांना माहीत आहे त्यांना पाचवं रहस्य आठवेल. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला जातो, परतीच्या गर्दीत हरवतो, आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. तीही यात्राच की. मी ते रहस्य हजारो वेळा म्हटलं असेन. मरियेच्या जागी मी कधी उभी राहिले नव्हते. म्हणजे ती एवढी देवाची आई, पण त्या तीन दिवसांत ती काय प्रार्थना करत असेल? मला वाटतं, माझी आई करत होती तीच. नुसतं नाव.

स्पीकरवर पाचवं रहस्य सुरू झालं. मी नाव घेतलं. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. त्याचं शाळेतलं नाही, घरातलं, आई ज्या नावाने हाक मारायची ते. मग नमो मरिया म्हटली, पूर्ण, शेवटपर्यंत.

रडू वगैरे आलं नाही. राग गेला असंही नाही. खरं तर त्या क्षणी पाय ठणकत होते तेच जास्त जाणवत होतं. फक्त इतकं झालं, की तो माझ्या मनात सहा वर्षं कागदाचा फोटो पाठवणारा माणूस होता, तो पुन्हा शेव खात बसलेला पाच वर्षांचा मुलगाही झाला. दोन्ही एकाच वेळी. आणि हरवलेलं कोण होतं हे मला नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, ख्रिस्तप्रसाद घेतला. दुपारी मैत्रिणीच्या ओट्यावरून त्याला फोन लावला. उचलला.

"बोल ताई."

"हरेगावला आले होते."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "एकटीच?"

"हो."

"पाऊस होता काल."

"होता ना."

"चप्पल तुटली असेल तुझी."

मी हो म्हटलं. मागून वहिनी काहीतरी विचारत होती, ते नीट ऐकू आलं नाही. जेवायला ये असं तो म्हणाला नाही, मीही येते म्हटलं नाही. "गाडीत बसलीस की कळव," एवढं म्हणाला. रात्री दोन-अडीचच्या सुमारास गाडीत बसले आणि कळवलं. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे जागा होता.

नाताळात त्याने आईच्या गव्हाणीचा फोटो पाठवला. या वेळी खाली ओळ होती: "मेंढराचा पाय मोडलाय, चिकटवला." इथवर आलो आहोत. पुढचं माहीत नाही.

आता प्रार्थनेबद्दल, कारण लिहायला बसले ते त्यासाठी. घरी आल्यावर पहिले काही दिवस मी माळ नेहमीसारखी म्हणायला गेले आणि जमेना. तो वेग राहिला नव्हता. मग एक दशकच म्हणायला लागले, चालत. संध्याकाळी घर ते चर्च आणि परत, स्कूटी घरी ठेवून. राइस मिलच्या भिंतीकडेने जाते, भुशाचा वास असतो, ट्रक असतात. अर्धी प्रार्थना म्हणते आणि जरा थांबते, दुसरा अर्धा भाग कुणीतरी म्हणतंय असं धरून. कधी संपूर्ण माळ होते, कधी होत नाही. पूर्वी न झालेल्या माळेचं मला अपराधी वाटायचं. झालेल्या माळेचं कधीच वाटलं नव्हतं, खरं तर ते वाटायला हवं होतं.

आणि मागणं कमी झालं. पूर्वी प्रत्येक नावाबरोबर एक अर्ज असायचा: ह्यांचे गुडघे, मुलीची नोकरी, अमुकचं लग्न. भावासाठी काय मागावं ते मला अजूनही कळत नाही. म्हणून नुसतं नाव घेते. मग वाटलं, बाकीच्यांचीही तशीच का घेऊ नयेत? त्यांना काय हवंय ते देवाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आता यादी लवकर संपते, पण प्रत्येक नावाशी तो माणूस क्षणभर समोर येतो. घाई केली की येत नाही.

हे सगळं गोंदियात घरी बसून कळलं नसतं का? कळायला हरकत नव्हती. देव काय इथे नाही? पण घरी माझी प्रार्थना माझ्या ताब्यात होती. कुठे थांबायचं, काय गाळायचं, किती मिनिटांत संपवायची, सगळं मी ठरवत होते. यात्रेत पाऊस, चिखल, रांग, दुसऱ्यांचे आवाज, दुसऱ्यांची हरवलेली पोरं... यातलं काही माझ्या हातात नव्हतं. तेवढ्या धावपळीत मी जे जपून झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं. आठशे किलोमीटर जाऊन मी एकच नमो मरिया म्हणून आले, असं म्हटलं तरी चालेल.

शेजारीणबाईंना परत आल्यावर सांगितलं. त्यांनी आधी माझे पाय बघितले. फोड बघून खूश झाल्या. म्हणाल्या, "आता पुढच्या माघात आमच्याकडं चला जी."

जाईन. नवीन चपला घेऊन.

असो. अंधार पडत आला, फिरून यायची वेळ झाली. आणि हे वाचतोयस हे मला माहीत आहे. तुझं नाव आता रोज असतं, पूर्वीच्याच जागी, माझ्या लगेच नंतर.